विषारी धातु आणि सूक्ष्म जंतूंची युक्ति

आपल्याकडील जुन्या घरांत पाण्याचा हंडा, घागर आणि तांब्या हीं भांडीं बहुधा तांब्याचीं असत. "तांब्या" या नांवांतच त्या धातूची खूण राहिली आहे. परंतु त्याच घरांतील गृहिणी ताक, कढी किंवा चिंचेचें सार कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत कधींही ठेवीत नसे. तसें ठेविलें तर पदार्थ कळकतो, हें तिला ठाऊक असे. या दोन्ही चालींच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. तांब्याचा अत्यंत सूक्ष्म अंश पाण्यांत उतरतो. तेवढा अंश मनुष्यास बाधत नाहीं. पण पाण्यांतील कित्येक रोगजंतूंस तो प्राणघातक होतो. रात्रभर तांब्याच्या भांड्यांत ठेविलेल्या पाण्यांतील अतिसाराचे कांहीं जंतू मरून जातात, असें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. आंबट पदार्थांत मात्र तोच अंश कितीतरी पटींनीं अधिक उतरतो, आणि मग तो खाणाऱ्यासही बाधतो. एकच धातु थोडा असतां उपकारक व फार होतां विष, हा पहिला धडा आपणांस आपल्या माजघरांतच मिळतो.

तांब्याची ही गोष्ट, तर मग पारा, कॅडमियम, शिसें यांच्या विषारीपणाविषयीं काय सांगावें? अशा धातूंनीं भरलेल्या पाण्यांत कोणताही जीव राहणें शक्य नाहीं, असें सहज वाटतें. परंतु बेल्जम देशांत १९७६ सालीं एक निराळेंच दृश्य दिसून आलें. लिएज शहराजवळील एका जस्ताच्या कारखान्यांत सांडपाण्याचा गाळ खालीं बसण्यासाठीं बांधलेला हौद होता; त्या गाळांत शास्त्रज्ञांस एक सूक्ष्म जंतु सुखानें नांदतांना आढळला. तेथें धातूंचे क्षार इतके सांचले होते कीं, साधारण जंतू त्यांत टिकाव धरूं शकले नसते. पुढें त्या जंतूचें नांव कप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स असें ठरलें. त्यांतील दुसऱ्या पदाचा अर्थ "धातु सोसणारा" असा आहे. हा एवढासा जीव हें विष कसें सोसतो, आणि त्याच्या सोसण्यापासून आपण काय शिकावें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम विषाचें स्वरूप पाहूं. सर्वच जड धातू सारखे नव्हेत. तांबें, जस्त, निकेल व कोबाल्ट हे धातू जंतूंस अत्यल्प प्रमाणांत लागतात. त्यांच्या शरीरांतील कित्येक प्रथिनें या धातूंच्या एकेका अणूवांचून काम करूं शकत नाहींत. पारा, कॅडमियम व शिसें यांचा मात्र जंतूंस कांहीं उपयोग असल्याचें आढळलेलें नाहीं. पाण्यांत विरघळलेल्या धातूचे अणु विद्युद्भारित असतात. त्यांस आयन म्हणतात. विषारी धातूचे आयन पुष्कळदां उपयुक्त धातूच्या आयनांसारखे असतात, म्हणून त्यांच्यासाठीं ठेविलेल्या दारांतूनच ते पेशींत शिरतात. आंत गेल्यावर पारा व कॅडमियम हे प्रथिनांतील गंधकाच्या अणूंस घट्ट धरून बसतात. प्रथिन म्हणजे पेशीचें हत्यार; त्याची घडण बिघडली कीं त्याचें काम थांबलें. किल्लीच्या दांत्यांवर शिशाचा थेंब ओतला तर ती कुलुपांत फिरत नाहीं, तशीच ही अवस्था होय. अशा अनेक किल्ल्या बिघडल्या म्हणजे पेशी मरते.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरिली पाहिजे. हें विष पचवून नाहींसें करितां येत नाहीं. साखर जंतु खातो व तिचें पाणी आणि कर्बवायु होतो. कार्बोलिक आम्लासारखें प्रखर विषही कांहीं जंतू पचवितात. कारण तो कर्ब, हैड्रोजन व प्राणवायु यांचा जुळून झालेला रेणु असतो, व जें जुळलेलें आहे तें मोडतां येतें. पण पारा किंवा कॅडमियम हें मूलद्रव्य आहे. पेशींतील कोणत्याही रासायनिक क्रियेनें त्याचा अणु मोडत नाहीं. म्हणून जंतूपुढें चारच वाटा उरतात: विषास दारांतच अडविणें, आंत आलेलें विष बाहेर हांकलणें, त्यास बांधून ठेवणें, अथवा त्याचें रूप पालटून टाकणें. पांचवी वाट नाहीं.

यांपैकीं पहिली व तिसरी वाट थोडक्यांत सांगतां येईल. कित्येक जंतू आपल्या अंगाभोंवतीं चिकट द्रव्याचें आवरण करितात. धातूचे आयन त्यास चिकटून बरेचसे बाहेरच राहतात. कांहीं जंतू आपल्या शरीराबाहेर अशीं द्रव्यें सोडितात कीं, त्यांच्या योगानें धातूचा न विरघळणारा साका बनतो. आंत शिरलेल्या धातूस धरून ठेवण्याकरितां कांहीं नीलहरित जंतू गंधकानें भरलेलें एक लहान प्रथिन तयार करितात. जें गंधक एरवीं विषास बळी पडतें, तेंच येथें विषास अडकविण्याचा सांपळा होतें.

दुसरी वाट, म्हणजे हांकलून देण्याची, ही जंतूंच्या सृष्टींत फार रुळलेली आहे. पेशीच्या आवरणांत प्रथिनांचे पंप असतात. भोंक पडलेल्या होडींतील नावाडी जसा सारखें पाणी उपसून होडी तरती ठेवितो, तसे हे पंप आंत आलेला धातु सारखे बाहेर टाकीत असतात. गळवांत पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूच्या कांहीं जातींत कॅडमियमचा असा पंप आहे, तो ए.टी.पी. नामक द्रव्यांत सांठविलेली शक्ति खर्चून चालतो. बेल्जमच्या जंतूचा पंप याहून मोठा असून तीन प्रकारच्या प्रथिनांचा जुळून झालेला आहे. त्या जंतूच्या पेशीस दोन आवरणें असतात, व हा पंप दोहोंतून आरपार जाऊन जस्त, कॅडमियम आणि कोबाल्ट यांचे आयन थेट बाहेर लोटतो. त्यास लागणारी शक्ति आवरणाच्या बाहेर दाटलेल्या हैड्रोजनच्या आयनांपासून मिळते. धरणांतील पाण्याच्या दाबानें चक्र फिरावें, तसाच हा प्रकार.

वाचकांस कदाचित् वाटेल कीं, ही गाळांतल्या जंतूंची गोष्ट. तिच्याशीं आपला संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. आपल्या यकृताच्या पेशींत जास्तीचें तांबें बाहेर टाकणारा एक पंप असतो, आणि तो वर सांगितलेल्या स्टॅफिलोकोकसच्या पंपाच्या कुळांतलाच आहे. त्या मानवी पंपाचें जनुक १९९३ सालीं सांपडलें. ज्या मुलांत हा पंप जन्मतःच बिघडलेला असतो, त्यांच्या यकृतांत व मेंदूंत तांबें सांचत जातें. या रोगास विल्सनचा रोग म्हणतात. वेळींच ओळखल्यास त्यावर उपचार करितां येतात. होडींतलें पाणी उपसण्याचें काम आपल्या शरीरासही चुकलेलें नाहीं.

चौथी वाट सर्वांत आश्चर्यकारक असून ती पाऱ्याच्या बाबतींत स्पष्ट दिसते. पारा सोसणाऱ्या जंतूंजवळ जनुकांची एक सबंध तुकडी असते. शास्त्रज्ञ तिला "मेर" म्हणतात. त्या जनुकांपासून होणाऱ्या प्रथिनांनीं आपापलें काम वांटून घेतलेलें आहे. एक प्रथिन पहारेकरी होय. पारा नसेल तेव्हां तें जनुकांच्या दाराशीं बसून त्यांचें काम बंद ठेवितें, कारण विनाकारण हत्यारें घडविण्यांत शक्तीचा व्यय होतो. पाऱ्याचा आयन त्यास चिकटला, कीं त्याची बैठक बदलते, तें डी.एन.ए.च्या धाग्यास किंचित् पीळ देतें, आणि सारी तुकडी कामास लागते. दुसरें प्रथिन दोन आवरणांच्या मधल्या जागेंत पाऱ्यास पकडतें व तिसऱ्याच्या हातीं देतें. तिसरें त्यास पेशीच्या आंत घेतें. विष आपण होऊन आंत घेणें हा वेडेपणा वाटेल. पण पारा मोकळा फिरूं दिला तर तो वाटेंत भेटेल त्या प्रथिनाचा नाश करील. म्हणून त्यास गंधकाच्या एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे असें हातोहात नेतात. चोरास चावडीवर नेतांना त्याचे दोन्ही दंड धरून नेतात, तसेंच हें. शेवटीं तो चौथ्या प्रथिनाजवळ येतो. तें त्यास दोन इलेक्ट्रॉन देतें. तत्क्षणीं विषारी आयनाचा साधा पारा होतो, उष्णतामापकांत आपण पाहतों तोच. आणि तो वायुरूपानें पेशींतून बाहेर निघून जातो. कांहीं जंतूंजवळ आणखी एक प्रथिन असतें. सेंद्रिय पाऱ्यांत कर्ब व पारा यांची जी जोड असते ती तें तोडतें, व मग पुढील काम वरीलप्रमाणेंच होतें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, ही विद्या जंतूस कोणी शिकविली? येथें दोन गोष्टींची गल्लत होऊं देऊं नये. पहारेकऱ्यानें जागें होणें ही एक गोष्ट. ती एकाच पेशीच्या आयुष्यांत घडते, पण त्यासाठीं हत्यार घडविण्याचें जनुक तिच्याजवळ आधींच असावें लागतें. हें जनुक नसलेल्या कुळांत तें येणें ही दुसरी गोष्ट. विष पाहून एखादा जंतु विचार करितो व युक्ति काढितो, असें मुळींच घडत नाहीं. सोयीच्या स्थितींत कांहीं जंतू दर २० मिनिटांस दुप्पट होतात. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हें गणित अवश्य करून पाहावें: एका जंतूपासून १० तासांत, म्हणजे ३० वेळां दुप्पट होऊन, १०७ कोटींहून अधिक जंतू होतात. इतक्या नकला उतरतांना कोठें ना कोठें चुका होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा अपायकारक असतात. पण एखादीनें पंप थोडा बळकट होतो. विष नसेल तोंवर त्या जंतूस कांहींच महत्त्व नाहीं. उलट जास्तीचें ओझें वाहावें लागल्यामुळें तो शर्यतींत मागेंही पडतो. विष आलें कीं बाकीचे मरतात, आणि मैदान त्या एकट्यास मोकळें सांपडतें. अमेरिकेंत १९५२ सालीं जोशुआ व एस्थर लेडरबर्ग या दांपत्यानें मखमलीच्या तुकड्यानें जंतूंच्या वसाहतींचे ठसे एका बशींतून दुसऱ्या बशींत उतरवून दाखविलें कीं, औषधास न जुमानणारे जंतू औषधाचा स्पर्श होण्यापूर्वींच समुदायांत असतात. औषध त्यांस उत्पन्न करीत नाहीं, निवडून काढतें. धातूंसही हाच न्याय लागू आहे.

ही निवड कांहीं कालपरवांची नव्हे. ज्वालामुखी पृथ्वीच्या पोटांतील पारा अति प्राचीन काळापासून वर फेंकीत आले आहेत. सैबेरियांत हजारों वर्षें गोठून राहिलेल्या जमिनींतून जे जंतू काढण्यांत आले, त्यांतही पाऱ्याच्या जनुकांची ही तुकडी सांपडली आहे. कारखाने नव्हते तेव्हांही ही विद्या होती. कारखान्यांनीं तिला मोठा बाजार मिळवून दिला, एवढेंच.

शिवाय जंतूंत ही विद्या केवळ वडिलांकडून मुलांकडे जाते असें नाहीं; ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जाते. मुख्य गुणसूत्राखेरीज कित्येक जंतूंत डी.एन.ए.चीं निराळीं वर्तुळें असतात; त्यांस प्लास्मिड म्हणतात. एक जंतु दुसऱ्यास भिडून या वर्तुळाची नक्कल त्यास देऊं शकतो. बेल्जमच्या जंतूचीं धातु सोसण्याचीं पुष्कळ जनुकें अशाच दोन मोठ्या वर्तुळांवर आहेत. आणि येथेंच मनुष्याच्या हिताहिताचा प्रश्न उभा राहतो. कारण धातूचें जनुक व औषधास निष्फळ करणारें जनुक हीं दोन्ही एकाच वर्तुळावर शेजारीं शेजारीं असूं शकतात. जपानांत १९५० नंतरच्या दशकांत आमांशाच्या जंतूंत असें एक वर्तुळ मिळालें. त्यावर पाऱ्याच्या जनुकांची तुकडी होती, आणि तिच्याबरोबरच सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल या औषधांस दाद न देण्याची सोयही होती. अशा जंतूंच्या वस्तींत नुसता पारा पडला, तर औषधाचा थेंबही न पडतां औषधास न जुमानणारी जात वाढीस लागते. एका दोऱ्यांत ओवलेल्या मण्यांपैकीं एक ओढला कीं सारे येतात, तसें हें होतें.

रुप्याचीही गोष्ट अशीच. भाजलेल्या जखमांत जंतू वाढूं नयेत म्हणून त्यांवर रुप्याच्या क्षाराचें पाणी लावीत असत. बोस्टन शहरांतील एका रुग्णालयाच्या अशा विभागांत रुप्यासही न जुमानणारे साल्मोनेला जंतू आढळल्याचा वृत्तांत १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. जें शस्त्र आपण सदोदित उपसून ठेवितों, त्याच्यासाठीं ढाल घेतलेला शत्रूच शेवटीं आपल्यासमोर उरतो.

मनुष्यानें जंतूंच्या या शक्तीचा उपयोगही करून घेतला आहे. नेदर्लंड्स देशांत बुडेल येथील जस्ताच्या कारखान्याच्या जमिनींतलें पाणी धातूंनीं दूषित झालें होतें. तेथें १९९२ सालीं सल्फेटावर जगणाऱ्या जंतूंची योजना सुरू करण्यांत आली. हे जंतू कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हैड्रोजन सल्फाइड वायु तयार करितात. त्याच्याशीं संयोग पावून धातू न विरघळणाऱ्या गाळाच्या रूपानें खालीं बसतात, व त्या गाळांतून जस्त पुन्हां काढितां येतें. ऑस्ट्रेलियांत तर याहून नवल दिसलें. तेथील नैसर्गिक सोन्याच्या कणांवर जंतूंचा पातळ थर असून त्यांत आपला धातु सोसणारा जंतुच आहे, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. आणि विरघळलेल्या सोन्याच्या विषारी संयुगांपासून तो शुद्ध सोन्याचे अतिसूक्ष्म कण बनवितो, हें २००९ सालीं दाखविण्यांत आलें. जंतूस सोन्याचा लोभ नाहीं. विरघळलेलें सोनें त्यास विष, आणि घट्ट सोनें म्हणजे निरुपद्रवी खडा, एवढाच त्याचा हिशोब.

परंतु या कथांवरून कोणी असा समज करून घेऊं नये कीं, आपण वाटेल तें ओतावें व जंतूंनीं तें साफ करावें. जंतु आपला जीव वांचवितो; आपलें गांव वांचविणें हें त्याचें काम नव्हे. पंपानें बाहेर टाकलेलें कॅडमियम त्याच पाण्यांत राहतें. पाऱ्याची वाफ हवेंतून दूरवर जाते आणि कालांतरानें पुन्हां जमिनीवर व पाण्यांत उतरते. इतकेंच नव्हे, तर प्राणवायु नसलेल्या गाळांतील कांहीं जंतू पाऱ्यास कर्बाची जोड देऊन त्याचा मिथिल पारा करितात. या कामाचीं दोन जनुकें २०१३ सालीं ओळखण्यांत आलीं. मिथिल पारा हें फार घातक विष असून तें माशांच्या शरीरांत सांचत जातें. लहान माशांस मोठे मासे खातात, तसतसें त्याचें प्रमाण वाढत जातें.

या विषानें काय होतें, हें जपानच्या किनाऱ्यावरील मिनामाता गांवानें जगास दाखविलें. तेथील एका रासायनिक कारखान्याचें मिथिल पारा असलेलें सांडपाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत समुद्रांत सोडलें जात होतें. तेथें तें विष मुख्यतः कारखान्याच्या क्रियेंतच तयार होत असे. मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या कुटुंबांत हातपाय थरथरणें, दृष्टि मंदावणें, वाचा अडखळणें अशीं लक्षणें दिसूं लागलीं, आणि १९५६ सालीं या रोगाची अधिकृत नोंद झाली. आईच्या उदरांतच विष पोंचल्यामुळें कित्येक बालकें जन्मतः अपंग निपजलीं. सरकारनें मान्य केलेल्या रोग्यांची संख्या दोन हजारांवर गेली. त्या आखाताच्या गाळांत पारा सोसणारे जंतू मिळाले खरे. पण त्यांनीं आखात शुद्ध केलें नाहीं. शेवटीं मनुष्यानेंच १९७७ पासून १९९० पर्यंत खपून दूषित गाळ उपसला, आखाताचा एक भाग बुजवून सुमारें ५८ हेक्टर नवी जमीन केली, आणि तिच्याखालीं तो गाळ पुरून टाकिला. म्हणजे इतकें शास्त्र, धन व श्रम खर्चून मनुष्यासही जंतूची तिसरीच वाट धरावी लागली: विष बांधून ठेवणें. त्यासही पांचवी वाट सांपडली नाहीं. या गांवाचें नांव धारण करणारा पाऱ्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला व २०१७ सालीं अंमलांत आला; भारतानें त्यास २०१८ सालीं संमति दिली.

ही हकीकत वाचून आमचे विद्यार्थिमित्र व त्यांचे पालक यांनीं एकदोन साध्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. घरांत पाऱ्याचा उष्णतामापक फुटला तर लहान मुलांस दूर करावें व खिडक्या उघडाव्या. पारा केरसुणीनें झाडूं नये, कारण त्याचे थेंब फुटून अधिकच बारीक होतात. जाड कागदाच्या कडेनें ते एकत्र करून घट्ट झांकणाच्या बाटलींत भरावे. मोरींत टाकूं नयेत, आणि तळहातावर घेऊन खेळूं तर मुळींच नये. जुन्या विजेच्या बॅटऱ्या व पारा असलेल्या दिव्यांच्या नळ्या ओढ्यांत किंवा उकिरड्यावर न फेंकतां, त्या गोळा करण्याची जेथें व्यवस्था असेल तेथें पोंचत्या कराव्या. गोष्टी लहान दिसतात. पण पाऱ्याचा जो थेंब मोरींतून गेला, तो संपला असें नव्हे. तो कोठें तरी गाळांत बसून आहे, आणि तेथील जंतूंची निवड त्यानें आरंभिली आहे.

जंतूच्या पेशीस आपला हौद निवडतां येत नाहीं. ज्या पाण्यांत ती पडली त्यांतच तिनें जगावें किंवा मरावें, आणि म्हणूनच तिचा प्रत्येक उपाय विष आल्यानंतरचा आहे. मनुष्यास मात्र विष येण्यापूर्वीं विचार करण्याची शक्ति मिळालेली आहे. ओतलेल्या धातूस पांचवी वाट नाहीं, हें खरें; परंतु तो ओतावा कीं न ओतावा, हें ठरविणें अजून आपल्या हातीं आहे.